रक्त अडवणारं, घाम सोडणारं कापड : निवड, शिलाई आणि तपासणी

सर्जिकल गाऊन किंवा कव्हरऑल (डोक्यापासून पायापर्यंत अंग झाकणारा पोशाख) लॅबमध्ये नापास झाला की पहिला संशय कापडावर जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा कापड चांगलंच असतं. दोष असतो सुईने पाडलेल्या भोकात, किंवा बगलेत चार शिवणी एकत्र येतात तिथे नीट न बसलेल्या टेपमध्ये, म्हणजे शिवणीची भोकं झाकायला उष्णतेने चिकटवतात त्या पट्टीत. कापडाचा रिपोर्ट हातात घेऊन गाऊन शिवायला बसणारे आणि तोच रिपोर्ट बघून गाऊन विकत घेणारे, दोघेही इथेच फसतात. ही माहिती छोट्या शिलाई युनिटसाठी आणि हॉस्पिटलच्या खरेदी विभागासाठी आहे.

कापड रक्त कसं अडवतं

पाणी न झिरपणारं कापड रक्तही अडवेलच असं नाही. पाण्याचा पृष्ठताण ७२ डाइन प्रति सेंटीमीटर असतो, तर चाचणीतल्या कृत्रिम रक्ताचा ४२. पृष्ठताण कमी असलेला द्रव बारीक छिद्रात लवकर शिरतो. त्यामुळे कापडाची झोळी करून त्यात पाणी ओतून दाखवणाऱ्या विक्रेत्याने पाण्याशिवाय काहीच सिद्ध केलेलं नसतं.

छिद्र जितकं मोठं, तितका त्यात शिरायला लागणारा दाब कमी. पृष्ठभाग मध्यम जलरोधी धरून हिशोब केला तर १ मायक्रॉनच्या छिद्रात कृत्रिम रक्त घुसवायला ३० किलोपास्कलच्या आसपास दाब लागतो, ५ मायक्रॉनच्या छिद्राला ६ ते ७ किलोपास्कल. सुईचं भोक दोऱ्याने बरंचसं भरलं आणि ०.३ मिलिमीटरची फट उरली, तर जेमतेम १०० पास्कल पुरतात, म्हणजे एक सेंटीमीटर उंचीचा द्रव. अमेरिकेच्या एएसटीएम एफ १६७० (कृत्रिम रक्ताची) आणि एफ १६७१ (विषाणूची) या चाचण्यांत दाब असतो १३.८ किलोपास्कल, म्हणजे सुमारे १४० सेंटीमीटर पाण्याइतका. नुसती शिवलेली, टेप न लावलेली शिवण या चाचणीत का टिकत नाही ते या आकड्यांवरूनच कळतं.

विषाणूंच्या चाचणीत फाय-एक्स १७४ नावाचा जिवाणूभक्षी विषाणू वापरतात. तो जेमतेम २७ नॅनोमीटरचा असतो आणि माणसाला त्यापासून धोका नसतो. हेपटायटिस बी चा विषाणू ४२ नॅनोमीटरचा, एचआयव्ही साधारण १०० चा. कापडावर चिकटवतात त्या सूक्ष्मछिद्री, म्हणजे बारीक छिद्रांच्या प्लास्टिक फिल्मची छिद्रं या सगळ्यांपेक्षा मोठी असतात, तरीही फिल्म पास होते, कारण विषाणू द्रवाबरोबरच येतो. द्रव छिद्रात शिरला नाही तर विषाणूही शिरत नाही. फिल्म चाळणीसारखं काम करत नाही, ती फक्त न भिजण्यावर चालते.

यातून निघणारा नियम वॉर्डात रोज मोडला जातो : अंगावरच्या सूक्ष्मछिद्री गाऊनवर सॅनिटायझर फवारू नका. ७० टक्के अल्कोहोलचा पृष्ठताण २५ च्या आसपास असतो आणि ते फिल्मच्या छिद्रांत सरळ शिरतं. छिद्र एकदा भिजलं की मागून येणाऱ्या रक्ताला वाट तयार असते. साबणाचं पाणी आणि तेलकट मलमही हेच करतात. ग्लोव्हजवर सॅनिटायझर घेताना बाहीवर ओघळ येऊ देऊ नका, आलाच तर गाऊन बदला.

कोणतं कापड कशासाठी

बाजारात पाच प्रकार भेटतात. नुसतं स्पनबाँड, म्हणजे पिशव्यांना वापरतात ते पॉलिप्रॉपिलीनचं नॉन-ओव्हन (न विणलेलं) कापड, हा धुळीपुरता आडोसा आहे. रक्ताच्या संदर्भात ते बाजूलाच ठेवा.

एसएमएस म्हणजे दोन स्पनबाँड थरांमध्ये मेल्टब्लोनचा बारीक तंतूंचा थर. हवा जाते, घाम जातो, अंगावर हलकं वाटतं. पण मेल्टब्लोनची छिद्रं काही मायक्रॉनची असल्यामुळे दाबाखाली रक्त आत येतं. कमी रक्तस्रावाच्या छोट्या शस्त्रक्रियांना, गाऊनच्या पाठीला आणि ड्रेपच्या (रुग्णावर पसरायच्या कापडाच्या) कडेच्या भागाला एसएमएस उत्तम. विषाणूची चाचणी त्याच्याकडून मागू नका. 'एसएमएस, व्हायरस प्रूफ' असं कोटेशनमध्ये दिसलं तर एकतर आत फिल्म आहे किंवा कोटेशन खोटं आहे.

तिसरं, साध्या एलडी (कमी घनतेच्या पॉलिइथिलीनच्या) फिल्मचं लॅमिनेशन, म्हणजे स्पनबाँडला चिकटवलेली फिल्म. २०२० साली आपल्याकडे कव्हरऑलचा पूर आला तेव्हा यातलं कापड भरपूर गेलं. रक्त पूर्ण अडतं, घामही पूर्ण अडतो.

चौथं, सूक्ष्मछिद्री फिल्मचं लॅमिनेशन. पॉलिइथिलीनमध्ये वजनाने जवळपास निम्मी कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी मिसळून फिल्म काढतात आणि ती ताणतात. ताणताना प्रत्येक कणाभोवती पोकळी सुटते आणि पोकळ्या एकमेकींना जोडून वाफेला वाट होते. ही फिल्म स्पनबाँडला चिकटवतात. एकदाच वापरायच्या चांगल्या गाऊनमध्ये बहुधा हेच असतं.

पाचवं, बिनछिद्री पण वाफ सोडणारी फिल्म : पॉलियुरेथेनची किंवा पॉलिएस्टरच्या काही जातींची. तिच्यात छिद्रच नसतं. पाण्याचा रेणू फिल्मच्या एका बाजूला विरघळतो, आतून सरकतो आणि दुसरीकडून बाहेर पडतो. अल्कोहोल किंवा साबणाने भिजून वाट उघडण्याचा प्रश्न इथे नसतो. पुन्हा पुन्हा धुवायच्या गाऊनमध्ये पॉलिएस्टरच्या दोन थरांमध्ये असा पडदा किंवा ताणलेल्या पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) पडदा घालतात. महाग पडतं, पण लाँड्री आणि नोंदींची शिस्त असलेल्या हॉस्पिटलला धुण्यांच्या हिशोबात परवडतं.

तिसरा आणि चौथा प्रकार बाहेरून सारखेच पांढरे दिसतात, आणि फसवणूक नेमकी इथे होते. ओळखायला सोपा उपाय आहे. कापडाच्या कोपऱ्यातून फिल्म सोलून काढा, स्टीलच्या चमच्यात घेऊन खिडकीजवळ जाळा. साधी एलडी वितळून जळते आणि मागे जवळपास काही उरत नाही. सूक्ष्मछिद्री फिल्म पांढरी राख सोडते, आणि थंड झाल्यावर तिच्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकले की बुडबुडे येतात. जाळ मंद ठेवा, राख फार तापवली तर कार्बोनेटचा चुना होतो आणि बुडबुडे येत नाहीत. फिल्म सोलूनच घ्यायची, कारण स्वस्त स्पनबाँडमध्येही वजन वाढवायला हीच भुकटी घातलेली असते. अख्खं कापड जाळलं तर साधं लॅमिनेशनही पास झाल्यासारखं दिसेल. शिवाय भुकटी आहे म्हणजे फिल्म नीट ताणलेली आहे असं नाही. त्याची खात्री पुढे सांगितलेल्या पेल्याच्या चाचणीने होते.

रिपोर्टमध्ये काय वाचायचं

'पास' या शब्दाला एकट्याने अर्थ नाही. किती दाबाला पास, ते विचारा. आयएसओ १६६०३ ही कृत्रिम रक्ताची चाचणी आणि आयएसओ १६६०४ ही विषाणूची. दोन्हींत दाबाच्या पायऱ्या एकच : ०, १.७५, ३.५, ७, १४ आणि २० किलोपास्कल, म्हणजे वर्ग १ ते ६. कोविडच्या काळात आपल्या सरकारने कव्हरऑलसाठी रक्ताच्या चाचणीत किमान वर्ग ३ मागितला होता. तो ३.५ किलोपास्कल, म्हणजे एफ १६७१ च्या दाबाचा चौथा हिस्सा. कव्हरऑल घालून तपासण्या करणाऱ्याला ते चालून जाईल. पोट उघडलेल्या रुग्णावर कोपर टेकवून तीन तास उभ्या राहणाऱ्या सर्जनसाठी तेच कापड पुरेसं समजू नका.

गाऊनच्या पेटीवर 'लेव्हल ४' लिहिलेलं असतं ते अमेरिकेच्या पीबी ७० या मानकाचं. लेव्हल १ ते ३ फक्त पाण्यावर तपासतात. दुसऱ्या लेव्हलला २० सेंटीमीटर आणि तिसरीला ५० सेंटीमीटर पाण्याचा दाब झेलावा लागतो. रक्त आणि विषाणूंचा विषय गाऊनच्या बाबतीत फक्त चौथ्या लेव्हलला येतो. युरोपच्या ईएन १३७९५ मध्ये उच्च कामगिरीच्या गाऊनच्या महत्त्वाच्या भागाला १०० सेंटीमीटर पाणी झेलावं लागतं, पण तेही पाणीच. आपल्याकडे कव्हरऑलसाठी आयएस १७४२३ आणि गाऊन-ड्रेपसाठी आयएस १७३३४ बघायचं.

पुढचा प्रश्न : नमुना कशाचा होता? कापडाचा, सरळ शिवणीचा, की शिवणींच्या चौकाचा? रिपोर्टवर फक्त 'फॅब्रिक' असेल तर तो गाऊनचा रिपोर्ट नाही. लॉट नंबर, जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये वजन) आणि तारीख तुमच्या मालाशी जुळते का तेही बघा. एकाच रिपोर्टवर वर्षानुवर्षं माल विकणारे आहेत. दर नव्या लॉटला किमान रक्ताची चाचणी करून घ्या. मुंबईत घाटकोपरची बीटीआरए आणि प्रभादेवीची टेक्स्टाइल्स कमिटी, कोइम्बतूरची सिट्रा अशा संस्थांकडे जाता येतं. नमुना पाठवण्याआधी कोणत्या दाबाची चाचणी हवी ते लेखी कळवा, नाहीतर येईल तो 'पास' कुठल्या पायरीचा हे नंतर शोधत बसावं लागतं.

घाम सोडण्याचा आकडा

वाफ जाण्याचा वेग ग्रॅम प्रति चौरस मीटर प्रति २४ तास असा लिहितात. हा आकडा चाचणीच्या पद्धतीशिवाय वाचणं धोक्याचं आहे. एएसटीएम ई ९६ च्या पेल्याच्या चाचणीत खोली २३ अंशांवर आणि आर्द्रता ५० टक्के असेल, तर आत-बाहेर वाफेच्या दाबात १.४ किलोपास्कलचा फरक पडतो. तीच चाचणी ३८ अंशांवर केली तर फरक ३.३ होतो आणि तेच कापड दुपटीहून जास्त आकडा दाखवतं. पेला उलटा धरला तर आकडा आणखी वेगळा, आणि जपानी जेआयएस एल १०९९ च्या काही पद्धतींत तर फारच मोठा. दोन विक्रेत्यांची तुलना करताना पद्धत, तापमान आणि पेला सरळ की उलटा, हे तिन्ही सारखे आहेत का ते आधी पाहा.

आकड्याचा अंगावर अर्थ काय? ३००० चं कापड घ्या आणि अंगावरचा उपयोगी भाग दीड चौरस मीटर धरा. तासाला १८७ ग्रॅम घाम बाहेर जाऊ शकतो, आणि तो उडून जाताना सुमारे १२५ वॅट उष्णता घेऊन जातो. उभं राहून काम करणाऱ्या माणसाचं शरीर २०० वॅटच्या आसपास उष्णता तयार करतं. म्हणजे चांगलं कापडसुद्धा काम जेमतेम सुसह्य करतं. १०० आकड्याच्या साध्या लॅमिनेशनमधून याच हिशोबाने ४ वॅट बाहेर जातात, बाकी सगळी उष्णता आतच.

हवामान याच्यावर मात करतं. एसी ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) २१ अंश आणि ५५ टक्के आर्द्रता असेल तर घामेजलेल्या त्वचेपासून बाहेरच्या हवेपर्यंत वाफेच्या दाबाचा फरक ४ किलोपास्कलच्या वर असतो. जूनमध्ये रत्नागिरीच्या किंवा पणजीच्या बिनएसी वॉर्डात, ३१ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेत तो फरक २ वर येतो. कापड तेच, घाम जाण्याचा वेग निम्मा. किनारपट्टीच्या हॉस्पिटलने महाग कापडावर खर्च करण्याआधी वॉर्डात आर्द्रता खाली आणणारं यंत्र बसवण्याचा विचार करावा. त्याने त्याच गाऊनमधून जास्त घाम जातो. पंख्याचा उपयोग कव्हरऑलच्या आत पोहोचत नाही.

गाऊनची रचना : सगळीकडे फिल्म नको

सर्जिकल गाऊनमध्ये घाम सोडण्याचा सर्वांत स्वस्त उपाय कापडात नाही, कटिंगमध्ये आहे. पीबी ७० प्रमाणे सर्जिकल गाऊनचा महत्त्वाचा भाग म्हणजे छातीपासून गुडघ्यापर्यंतचा पुढचा भाग आणि मनगटापासून कोपराच्या वर दोन इंचांपर्यंतची बाही. पाठ त्यात येत नाही. तेव्हा पुढचा भाग आणि बाह्या फिल्मच्या लॅमिनेशनच्या करा, पाठ हलक्या एसएमएसची ठेवा. पूर्ण लॅमिनेशनच्या गाऊनपेक्षा तो अंगावर कितीतरी सुसह्य होतो आणि स्वस्तही पडतो. हे फक्त ओटीसाठी. आयसोलेशन वॉर्डात माणूस सगळीकडे वळतो, तिथे पाठही झाकलेलीच हवी.

बाहीच्या टोकाचा विणलेला कफ रक्त अडवत नाही, कितीही चांगला असला तरी. ग्लोव्ह कफच्या पुढे जाऊन लॅमिनेशनच्या बाहीवर किमान ३ ते ४ सेंटीमीटर चढलाच पाहिजे. कफ ६ सेंटीमीटरपेक्षा लांब केला तर आखूड ग्लोव्ह बाहीपर्यंत पोहोचत नाही आणि मनगटावर भिजणारा पट्टा उघडा राहतो.

फिल्म बाहेर ठेवायची की आत? दोन थरांच्या कापडात फिल्म बाहेर आणि स्पनबाँड अंगाकडे ठेवलं तर कापड अंगाला चिकटत नाही आणि टेप रक्ताच्या बाजूने लागते. फक्त फिल्म उघडी राहिल्याने घासली जाते. ओटीच्या गाऊनला कोपराजवळ घर्षण जास्त, तिथे तीन थरांचं कापड वापरलेलं बरं.

कटिंग आणि शिलाई

कापड गुंडाळीवरून सोडताना अंधाऱ्या खोलीत एलईडी ट्यूबसमोरून सरकवा. लॅमिनेशनमधली टाचणीएवढी भोकं ठिपक्यासारखी चमकतात. पन्ह्याच्या कडेला ती जास्त असतात, तेव्हा दोन्ही कडांचे २ ते ३ सेंटीमीटर पॅटर्नबाहेर ठेवा.

थर कमी लावा. जाड थप्पी विजेच्या कटरने कापली की पातं तापतं आणि फिल्मच्या कडा एकमेकींना चिकटतात. सोडवताना फिल्म सोलली जाते आणि ते शिवणीत लपतं. टाचण्या, स्टेपल आणि दाते असलेलं खुणेचं चाक पॅटर्नच्या आत वर्ज्य. क्लिप आणि खडू वापरा. एका टाचणीचं भोक लॅबमध्ये अख्खा नमुना नापास करतं.

सुई ७५/११ नंबरची, गोल टोकाची. ९०/१४ ची सुई सवयीने लावली जाते, आणि ती भोक विनाकारण मोठं करते. टाके इंचाला ८ ते १०, त्याहून जास्त नकोत. कपड्यात दाट टाका म्हणजे मजबुती, इथे दाट टाका म्हणजे जास्त भोकं, आणि पातळ नॉन-ओव्हन तर टाक्यांच्या रेषेत फाटतंही. दोरा अखंड तंतूचा पॉलिएस्टर घ्या. सुती किंवा स्पन पॉलिएस्टर दोरा वातीसारखा रक्त ओढून आत नेतो. दोऱ्याला लावलेलं सिलिकॉनचं वंगण जास्त असेल तर पुढे टेप चिकटत नाही, म्हणून रीळ बदललं की टेपची चाचणी पुन्हा करा.

टेप लावायच्या शिवणीला ओव्हरलॉक टाळा. तिची जाडी टेपला दोन्ही बाजूंनी उचलून धरते आणि मधे पोकळी राहते. साधा लॉकस्टिच टाका, माया (टाक्याच्या रेषेबाहेर सोडलेलं कापड) ५ ते ६ मिलिमीटर, एकाच बाजूला झोपवलेली. २० ते २२ मिलिमीटर रुंदीची टेप शिवणीवर मध्यभागी बसवली की मायेच्या पलीकडेही निदान ५ मिलिमीटर पकड मिळते. माया १० मिलिमीटर ठेवली की टेप कडेला पुरत नाही, आणि हे नवीन कारागिरांकडून हमखास होतं.

अल्ट्रासोनिकने, म्हणजे ध्वनिकंपनांनी वितळवून, जोडायचं असेल तर चाकाचा नक्षीचा ठसा बघा. ठिपक्यांच्या नक्षीत ठिपक्यांमध्ये वाट राहते. सलग रेषेचं चाक घ्या, आणि रक्ताच्या चाचणीसाठी त्यावरही टेप लावा. सुती मिश्रणाचं कापड अल्ट्रासोनिकने जुळत नाही.

टेप लावणं

टेपचा गोंद फिल्मच्या जातीशी जुळला पाहिजे. पॉलिइथिलीन फिल्मला पॉलिइथिलीन किंवा ईव्हीए गोंदाची टेप, पॉलियुरेथेनच्या पडद्याला पॉलियुरेथेनची. चुकीची टेप मशीनवरून उतरताना छान दिसते आणि दोन दिवसांनी थंड हवेत आपोआप सुटते.

टेप चिकटवायच्या हॉट एअर मशीनवर तीनच गोष्टी हातात असतात : हवेचं तापमान, रोलरचा वेग आणि दाब. टेपवाल्याने दिलेल्या तापमानापासून सुरुवात करा, वेग मिनिटाला ४ मीटर ठेवा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. एलडी फिल्म ११० अंशांच्या आसपास वितळते, स्पनबाँडचं पॉलिप्रॉपिलीन १६० च्या वर. म्हणजे गोंद वितळला पाहिजे पण फिल्म नाही, आणि ही फट अरुंद आहे. नोझल गोंदाकडे रोखलेलं हवं, कापडाकडे नाही.

थंड झाल्यावर टेप हाताने उलटी ओढून बघा. टेपबरोबर फिल्म किंवा तंतू निघाले तर जोड चांगला. टेप स्वच्छ सुटली आणि गोंद चकचकीत दिसला तर उष्णता कमी पडली किंवा वेग जास्त झाला. टेपच्या कडेला फिल्म आक्रसली आणि कापड काचेसारखं कडक लागलं तर उष्णता जास्त, आणि त्या कडेवर बारीक भोकं असतात. सर्वांत फसवी खोड म्हणजे टेपखालची सुरकुती. वरून टेप अखंड दिसते आणि आत रक्ताला सरळ नळी मिळते. सुरकुती आली तर कापड ताणून धरू नका, टेपचा ताण कमी करा.

बगल, जांघ आणि टोपीचा मागचा जोड, म्हणजे चौक, ही सगळ्यात कमजोर जागा. तिथे चार थरांची पायरी तयार होते आणि रोलर तिच्यावरून उडतो. माया चौकाजवळ कातरून पातळ करा, वेग निम्मा करा, आणि टेप लागल्यावर तोच चौक टेपचा चौकोनी तुकडा लावून पुन्हा दाबा. मशीन मधे थांबलं तर तिथूनच पुढे सुरू करू नका, २ ते ३ सेंटीमीटर मागून टेप चढवा.

चेनचे दात रक्त अडवत नाहीत. चेनवर लॅमिनेशनची पट्टी हवी, आणि ती गळ्यापासून खालपर्यंत दुहेरी चिकटपट्टीने बंद झाली पाहिजे. वेल्क्रोचे तीन ठिपके लावलेली पट्टी नावापुरती असते.

लॅबला पाठवण्याआधी

लॅबची फी आणि वेळ वाचवायला युनिटमध्येच गाळणी लावता येते. याने प्रमाणपत्र मिळत नाही, पण नापास होणारा माल आधीच कळतो.

द्रव : ९०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात १०० मिलिलिटर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल. या मिश्रणाचा पृष्ठताण ४२ येतो, कृत्रिम रक्ताइतकाच. फक्त ७० टक्क्यांचं मिळालं तर १४३ मिलिलिटर घेऊन पाण्याने १ लिटर करा. ग्लिसरीन किंवा सुवास घातलेला सॅनिटायझर नको. चिमूटभर लाल खाद्यरंग घाला. द्रव रोज नवा बनवा, कारण अल्कोहोल उडून गेलं की पृष्ठताण वाढतो आणि खराब शिवणही पास होते. भांड्याला साबण राहिला तर उलट होतं.

साधन : ५ सेंटीमीटर भोकाच्या दोन जाड ॲक्रिलिक पट्ट्या, मधे रबरी वॉशर, चार बोल्ट. खालच्या पट्टीला तळ बंद करून नळी जोडा आणि नळीचं दुसरं टोक बाटलीला. सलाईन टांगतात तशी ही बाटली खुंटीवर वरखाली करता आली पाहिजे. कापड पट्ट्यांमध्ये, रक्ताची बाजू खाली द्रवाकडे, वरून जाड तारेची जाळी, म्हणजे कापड फुगून ताणलं जाणार नाही. बोल्ट घट्ट करा, पूर्ण दाबाला कापडावर पावणेतीन किलोचं बळ येतं. कापडाखाली हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. बुडबुड्यावर द्रव पोहोचतच नाही आणि खोटा पास मिळतो.

बाटलीतली पातळी कापडाच्या पातळीला ५ मिनिटं. मग ती कापडापासून १४३ सेंटीमीटर वर, १ मिनिट. पुन्हा खाली, ५४ मिनिटं. एफ १६७० चा क्रम असाच आहे. शेवटी वरून पांढरा टिश्यू टेकवून बघा. लाल ठिपका म्हणजे नापास. ठिपका वॉशरच्या कडेला असेल तर ती पकड सुटलेली, नमुना पुन्हा लावा. कापड, सरळ शिवण, चौक आणि चेनच्या पट्टीचं टोक, प्रत्येकाचे तीन नमुने घ्या, आणि नमुना आधी मुठीत चुरगाळून घ्या, कारण गाऊन घडी होऊन पेटीत जातो.

इथे कोरडं राहिलेलं कापड विषाणूच्या चाचणीत पडू शकतं. लॅबमध्ये मागची बाजू धुऊन ते पाणी जिवाणूंच्या थरावर टाकतात आणि एकही विषाणू सापडला तरी नमुना नापास होतो. डोळ्याला न दिसणारा अंशसुद्धा त्यात पकडला जातो. म्हणून आपल्या चाचणीत काठावर पास झालेली शिवण लॅबला पाठवू नका, आधी सुधारा.

घामासाठी पेला. ६ सेंटीमीटर तोंडाचे सारखे स्टीलचे पेले घ्या, काठापासून २ सेंटीमीटर खाली पाणी भरा, कापड ताणून रबरबँडने बांधा, कडेला पेट्रोलियम जेली. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर वजन करा, २४ तासांनी पुन्हा करा. घटलेल्या ग्रॅमला ३५४ ने गुणा. ५.६ ग्रॅम घटलं तर १९८० च्या आसपास. शेजारी एक उघडा पेला आणि एक प्लास्टिकची पिशवी बांधलेला पेला हवाच. तुमचं कापड पिशवीच्या जवळ आहे की उघड्या पेल्याच्या, हे आकड्यापेक्षा जास्त सांगून जातं. पाण्याची पातळी आणि पंख्याचा झोत सगळ्यांना सारखा ठेवा.

निर्जंतुकीकरण आणि धुणं

एलडी किंवा सूक्ष्मछिद्री फिल्मचा गाऊन ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका. १२१ अंशांवर फिल्म वितळून थर चिकटतात आणि बाहेरून गाऊन ठीक दिसतो. त्याला इथिलीन ऑक्साइड वायू, नंतर ठरलेला वेळ हवा खाऊ द्यायची. गॅमा किरणांनी साधं पॉलिप्रॉपिलीन ठिसूळ होतं, आणि ते लगेच नाही, साठवणीत काही महिन्यांनी कळतं.

पुन्हा वापरायचे गाऊन आधी थंड पाण्यात धुवा. गरम पाण्याने रक्तातली प्रथिनं तंतूंवर बसतात. फॅब्रिक सॉफ्टनर पूर्ण बंद. त्याचा थर पाणी ओढून घेतो आणि जलरोधी फिनिश निकामी होतं. उरलेला डिटर्जंटही तेच करतो, म्हणून शेवटचं खळबळणं एकाऐवजी दोनदा. पॉलियुरेथेनच्या पडद्याला ब्लीच आणि १३४ अंशांची वाफ यांनी लवकर वय येतं, थर सुटून फोड दिसू लागतात. फ्लुओरोकार्बन फिनिश असेल तर ड्रायरच्या उष्णतेने ते पुन्हा उभं राहतं, दोरीवर वाळवलेल्या गाऊनला तो फायदा मिळत नाही.

प्रत्येक गाऊनवर धुण्यांच्या चौकटी छापून घ्या आणि दर वेळी एक खूण करा. उत्पादकाने सांगितलेली संख्या भरली की गाऊन दिसायला कितीही चांगला असला तरी ओटीतून बाहेर. दर खेपेला टेबलाखालून प्रकाश सोडून भोकं बघा, टॉवेल क्लिपची भोकं पोटाच्या भागात हमखास सापडतात. ती चिकटवायला त्याच पडद्याला जुळणारा उष्णतेने बसणारा तुकडा मिळतो. सुईदोऱ्याने रफू केलेला गाऊन ओटीत परत पाठवू नका.

प्रत्येक लॉटमधला एक अख्खा गाऊन, त्याच्या टेपचा एक मीटर आणि मशीनचं त्या दिवशीचं तापमान, वेग आणि दाब लिहिलेला कागद एकाच पिशवीत ठेवा. तक्रार आली तर कापड, टेप की मशीन, यातलं काय चुकलं ते या पिशवीतूनच शोधता येतं.